आमटी तग धरते, भजी धरत नाही

कंपनीचं कॅन्टीन असो की मंगल कार्यालय, वाढपाच्या जागी स्टीलची एक लांबट पेटी असते. तिच्यावर चौकोनी भांडी ओळीनं बसवलेली, झाकण उचललं की वाफ. हॉटेलवाले तिला ‘बेन मेरी’ म्हणतात. आत फारसं काही नाही: पाण्याचं उथळ टाकं, तळाशी हीटरची कॉइल, पुढं थर्मोस्टॅटचं बटण. वरची भांडी बहुतेक ठिकाणी एकाच मापाची, ५३० बाय ३२५ मिलिमीटर किंवा त्याचे भाग. त्यामुळे एका कंपनीचं भांडं दुसरीच्या पेटीत बसतं.

पाणी मध्ये घालून आच मवाळ करण्याची ही युक्ती मारिया या प्राचीन किमयागार बाईच्या नावावर जमा आहे. तिची माहिती मिळते ती मुख्यतः इसवी सन ३००च्या सुमाराच्या झोसिमोस या किमयागाराच्या लिखाणातून. आपल्याकडे हे काम वैलाकडे होतं. पुढं चुलीवर भाकरी, मागं वैलावर आमटी, तीही चुलीतून येणाऱ्या उरलेल्या जाळावर.

उघडं पाणी शंभर अंशांपलीकडे तापत नाही, म्हणून भांड्याचा तळ करपत नाही. खरी गंमत वाफेची. भांडं जिथं जास्त गार, तिथं जास्त वाफ पाणी होऊन चिकटते आणि ग्रॅममागे सुमारे २,२६० ज्यूल उष्णता सोडते. स्टील उष्णता वाहून नेण्यात मंद; तरी तळ सगळीकडून सारखा तापतो तो यामुळेच.

पण पेटीनं अन्न राखायचं असतं, तापवायचं नव्हे, आणि नेमकी इथंच चूक होते. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे गरम अन्न किमान ६० अंशांवर ठेवायचं. फ्रिजमधली उसळ थेट पेटीत ओतली, तर ती तासन्‌तास चाळिशी-पन्नाशीत रेंगाळते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सला तेच हवं असतं. त्याचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात, आणि ४३ ते ४७ अंशांच्या आसपास तो झपाट्यानं वाढतो. म्हणून आधी गॅसवर खळखळून उकळी, मगच पेटी. आणि पेटीतलं पाणीही अन्न येण्याआधी तापलेलं हवं. बोअरवेलचं पाणी असेल तर कॉइलवर क्षाराचं कवच चढतं. ते लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं वेळच्या वेळी काढलं नाही, तर कॉइल जळू शकते; मग बटण कितीही फिरवा, भांडी कोमटच.

माझं मत विचाराल तर आपल्या बुफेचा मेनू आचाऱ्यापेक्षा या पेटीनंच जास्त ठरवलाय. दाट रश्श्यातलं पनीर, डाळ तडका, छोले हे दोन-तीन तास निमूट राहतात. आमटीही राहते, पाणी आटून ती दाट आणि खारट होते एवढंच, म्हणून जाणता आचारी मीठ हात राखून घालतो आणि शेजारी आधणाचं पाणी ठेवतो. मटकी मात्र शिजतच राहते आणि तिचा लगदा होतो. पालेभाजीच्या हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि ती खाकी पडते. पिठलं साय धरतं, मग गठ्ठा होतं. आणि भजी! झाकणाखालची वाफ बाहेरून, आतला ओलावा आतून, दोन्ही मिळून कुरकुरीतपणा दहा-पंधरा मिनिटांत संपवतात. वडे-समोशांसाठी कोरडी उष्णता लागते, म्हणून स्टॉलवर ते दिव्याच्या काचपेटीत दिसतात. तिथंही कवच टिकतं थोडाच वेळ, मग ते चिवट होतं.

पनीर सगळीकडे आणि भरली वांगी कुठंच नाहीत, याचं सगळं खापर लोकांच्या आवडीवर फोडू नये. भरली वांगी पाचशे पानांना ढवळताना फुटतात, पेटीत आणखी मऊ पडतात. पनीरचे तुकडे आकार सोडत नाहीत.

केटररनी यावर तोडगा काढला तो लाइव्ह काउंटरचा. थालीपीठ, डोसा, गरम जिलबी. पेटीला जे झेपत नाही त्याला वेगळा तवा नाहीतर कढई, वेगळा माणूस आणि ताटामागे वेगळा दर.