टंगस्टनचा प्लाझ्मा फवारणी लेप

टंगस्टनचा प्लाझ्मा फवारणी लेप हा अतिउच्च तापमान सोसाव्या लागणाऱ्या पृष्ठभागांवर दिला जाणारा धातूचा लेप आहे. टंगस्टनचा द्रवणांक (३४२२ °से.) सर्व धातूंत सर्वाधिक आहे, परंतु हा धातू जड, सामान्य तापमानाला ठिसूळ आणि घडविण्यास अवघड असल्यामुळे ग्राफाइट, तांबे किंवा पोलाद यांच्या भागांवर त्याचा केवळ थर दिला जातो. मॉलिब्डेनम व टँटलम या उच्चतापसह धातूंचे लेपही याच रीतीने देता येतात.

प्रक्रिया

फवारणी बंदुकीतील ऋणाग्र व धनाग्र यांच्यात विद्युत प्रज्योत निर्माण करतात. तीमधून जाणारे आर्गॉन व हायड्रोजन हे वायू आयनीभूत होतात आणि झोताचे तापमान १०,००० °से.च्या वर जाते. (ऋणाग्रही बहुधा टंगस्टनचाच असतो.) झोतात सोडलेल्या भुकटीचे कण वितळून पृष्ठभागावर आदळतात, चपटे होतात व थिजतात. अशा चकत्या एकमेकींवर साचून लेप तयार होतो. चकत्यांमधील पोकळ्यांमुळे लेपाची उष्णतावाहकता अखंड टंगस्टनपेक्षा कमी भरते.

मर्यादा

लेप कोठवर टिकेल हे सहसा द्रवणांकावरून ठरत नाही. हवेत सुमारे ५०० °से.च्या पुढे टंगस्टनचे ऑक्सिडीभवन वेग घेते. त्यामुळे फवारणी कमी दाबाच्या निष्क्रिय वायूत करतात आणि लेपित भागही ऑक्सिजनपासून दूर ठेवावे लागतात. जेट इंजिनाच्या पात्यांवर टंगस्टन न देता झिर्कोनियासारख्या ऑक्साइडाचा लेप देतात, तो याच कारणाने.

दुसरी अडचण प्रसरणाची. टंगस्टनचा रेषीय प्रसरण गुणांक प्रति °से. सुमारे ४.५ × १०⁻⁶, तर तांब्याचा सुमारे १७ × १०⁻⁶ आहे. भाग वारंवार तापून थंड झाल्यास सांध्यावर ताण येतो व लेप सुटू शकतो. पोलादावर लेप देताना टंगस्टनचे प्रमाण थरागणिक वाढवीत नेल्यास हा ताण विभागला जातो.

उपयोग

संमीलन संशोधनातील टोकामॅक यंत्रांत वायूरूप प्लाझ्मा भिंतीची झीज करतो. कार्बनच्या भिंती हायड्रोजनाशी संयोग पावतात व ट्रिटियम धरून ठेवतात. टंगस्टनमध्ये हा दोष पुष्कळ कमी आहे. मात्र त्याचे थोडेसे अणू प्लाझ्माच्या गाभ्यात शिरले तरी प्रारणाद्वारे बरीच ऊर्जा निघून जाते. ही जोखीम तपासण्यासाठी जर्मनीतील गार्शिंग येथील ॲस्डेक्स अपग्रेड या यंत्रात १९९५–९६ मध्ये डायव्हर्टरच्या ग्राफाइट फरशांवर प्लाझ्मा फवारणीने सुमारे ०.५ मिमी. जाडीचा टंगस्टन लेप देण्यात आला. २००७ पर्यंत या यंत्राची सर्व भिंत टंगस्टनची झाली. परंतु तिच्यावरील बहुतेक लेप बाष्प निक्षेपणाने दिलेले, काही मायक्रोमीटर जाडीचे होते.