चौदावी घटनादुरुस्ती पाठ करू नका, समजून घ्या

रविवारची बुद्धवंदना आटोपून चहाला बसलो की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत हल्ली एकच विषय निघतो : नागरिकत्वाची परीक्षा. 20 ऑक्टोबर 2025 पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ती बदलली आहे. पूर्वी यादी 100 प्रश्नांची होती. त्यातले 10 विचारत आणि 6 बरोबर आले की झाले. आता यादी 128 प्रश्नांची, विचारतात 20 पर्यंत आणि बरोबर हवेत 12. सगळे तोंडी, पर्याय नाहीत. नापास झाल्यास 60 ते 90 दिवसांत आणखी एक संधी मिळते. उत्तरांसह यादी सरकारच्या संकेतस्थळावर फुकट आहे, तिच्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

ज्येष्ठांबाबत एक गैरसमज आपल्यात घट्ट बसला आहे : वय झाले की इंग्रजी माफ. नुसत्या वयाने काही माफ होत नाही. 50 वर्षे पूर्ण आणि ग्रीन कार्डावर 20 वर्षे, किंवा 55 पूर्ण आणि 15 वर्षे, असे असेल तरच इंग्रजीतून सूट मिळते. मग दुभाषा घेऊन मराठीत उत्तरे देता येतात. साठीनंतर मुलांकडे आलेल्या आईवडिलांना पाच वर्षांनी अर्ज करता येतो, पण ही सूट तेव्हा लागू होत नाही. हे मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

आता त्या 128 मधल्या एका प्रश्नाविषयी. अमेरिकेत जन्मलेले किंवा नागरिकत्व मिळवलेले सगळे नागरिक आहेत, असे कोणती घटनादुरुस्ती सांगते? उत्तर : चौदावी. बहुतेक जण आकडा पाठ करून पुढे जातात. आम्हाला वाटते, आपण इथे थांबावे. 1857 साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीय नागरिक होऊच शकत नाहीत, असा निकाल दिला होता. यादवी युद्धानंतर 1868 साली या दुरुस्तीने तो पुसला. कायद्याचे समान संरक्षण हे तिच्यातलेच शब्द. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 14 मध्ये ते आपल्याला भेटतात.

पण भारतीयांना इथले दार लगेच उघडले नाही. नागरिकत्व मिळवण्याचा हक्क गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच होता. भगतसिंग थिंड यांनी, उच्च जातीचे आर्य म्हणून आपण गोरे ठरतो, असा युक्तिवाद केला. 1923 साली न्यायालयाने तो फेटाळला आणि ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळाले होते, त्यांतल्या अनेकांचेही काढून घेतले गेले. जातीचा दाखला इथे चालला नाही, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे. दार उघडले ते 1946 च्या कायद्याने, आणि तेही वर्षाला सुमारे 100 भारतीयांच्या प्रवेशापुरते.

परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते आणि त्यासोबत बाबासाहेबांनी मिळवून दिलेला मताचा हक्कही. ओसीआय कार्डावर जाता-येता येते, मतदान करता येत नाही. म्हणून इथला हक्क तरी वाया घालवू नये. मात्र शपथेआधी मतदार नोंदणीच्या अर्जावर चुकूनही सही करू नका, अगदी लायसन्सच्या कार्यालयात कुणी तो पुढे सरकवला तरी. त्यावरून ग्रीन कार्डही जाऊ शकते. शपथ झाली, की त्याच आठवड्यात नोंदणी करा.