समुद्रस्नानावरील निर्बंध कशासाठी?

महाराष्ट्राला सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सात जिल्ह्यांतील पुळणींवर सुट्टीच्या दिवसांत घाटमाथ्यावरून हजारो पर्यटक येतात. त्यांतील पुष्कळजण विहिरीत किंवा नदीच्या डोहात पोहायला शिकलेले असतात. समुद्राशी मात्र त्यांचा परिचय एखाद्या दिवसाचाच असतो. किनाऱ्यावरील सूचनाफलक, लाल निशाण आणि जीवरक्षकाची शिटी या गोष्टी त्यांना आनंदावर विरजण घालणाऱ्या वाटतात. वस्तुतः यांतील प्रत्येक निर्बंधामागे समुद्राच्या एखाद्या स्वभावधर्माचे ज्ञान असते. तो स्वभाव ध्यानात आला, म्हणजे नियम जाचक वाटत नाहीत.

शांत पाण्याचा धोका

लाटा फुटून किनाऱ्याकडे आलेले पाणी परत समुद्रात जावेच लागते. वाळूच्या दांड्यांमध्ये जेथे खोलगट वाट असते, तेथून हे पाणी अरुंद पण वेगवान ओघाने बाहेर पडते. या परतीच्या प्रवाहास ‘रिप करंट’ असे म्हणतात. त्याचा वेग कधीकधी सेकंदाला दोन मीटरांहूनही अधिक होतो. निष्णात जलतरणपटूलाही अशा प्रवाहाविरुद्ध टिकाव धरता येत नाही.

या प्रवाहाच्या जागी पाणी खोल असल्याने लाटा कमी फुटतात. त्यामुळे तोच भाग आजूबाजूच्या पाण्यापेक्षा शांत दिसतो आणि अजाण माणूस नेमका तेथेच उतरतो. गढूळ पाण्याचा पट्टा, समुद्राकडे वाहत जाणारा फेस किंवा फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत पडलेला खंड ही त्याची लक्षणे होत. ती ओळखण्यास सराव लागतो. म्हणूनच पोहण्याची जागा ठरविण्याचे काम पर्यटकाच्या अंदाजावर न सोडता जीवरक्षकांवर सोपविलेले असते. वर लाल व खाली पिवळा असा दुरंगी झेंडा लावलेल्या दोन काठ्यांमधील भाग त्यांच्या देखरेखीखाली असतो. एकच लाल निशाण मोठा धोका दर्शविते, तर दोन लाल निशाणे असल्यास पाण्यात उतरण्यास पूर्ण मनाई असते.

भरती, उधाण आणि पावसाळा

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारणपणे दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते आणि त्यांच्या वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते. ओहोटीच्या वेळी ज्या खडपावर पायी जाता येते, तेच खडप भरतीत चहूबाजूंनी वेढले जाते. खाडीच्या मुखाशी तर ओहोटीचे पाणी मोठ्या ओढीने समुद्राकडे धावते. खडक आणि खाडीमुख यांपासून दूर राहण्याची सूचना याच कारणास्तव दिलेली असते.

जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे अरबी समुद्र खवळलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांनी मासेमारी करण्यास बंदी असते. नारळी पौर्णिमेस सागराची पूजा केल्यानंतरच होड्या दर्यात लोटण्याची कोळी समाजाची परंपरा आहे. ज्यांचे आयुष्य दर्यावर गेले ते जेथे थांबतात, तेथे हौशी पर्यटकाने धाडस करणे शहाणपणाचे नाही. धोक्यासाठी वादळ किनाऱ्यावर येऊन थडकावे लागते, असेही नाही. १२ जून २०२३ रोजी ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूर होते. तरीही जुहू येथे खवळलेल्या समुद्रात चार मुलांना प्राण गमवावे लागले.

अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या दिवशी चौपाट्यांवर सकाळी ६ ते १० याच वेळात प्रवेश देण्याचा निर्णय बृहन्मुंबई महानगरपालिकेने जुलै २०२२ मध्ये घेतला होता, तो अशाच अनुभवांमुळे. मात्र पावसाळा संपला की धोका संपतो, असा समज करून घेऊ नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी, ऐन हिवाळ्यात, मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीसाठी आलेले पुण्यातील १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. त्या दुर्घटनेने अनेक घरांवर घाला घातला.

जीवरक्षकाचे कार्य

बुडणारा माणूस हात उंचावून ओरडतो, अशी सर्वसाधारण कल्पना आहे. प्रत्यक्षात श्वासासाठी झगडणाऱ्यास ओरडता येत नाही. तो बहुधा निःशब्दपणे आणि मिनिटाच्या आतच पाण्याखाली जातो. म्हणून जीवरक्षकाचे खरे काम उडी घेण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. मर्यादा ओलांडणाऱ्यास परत बोलावणे, मद्यप्राशन केलेल्यास अडविणे आणि अंधार पडण्यापूर्वी पाणी मोकळे करणे, ही त्याची नित्याची कर्तव्ये होत. काळोखात त्याची नजर पोहोचत नाही. त्यामुळे सूर्यास्तानंतरची बंदी ही त्याच्या दृष्टीची मर्यादा आहे. ज्या दिवशी एकालाही पाण्यातून ओढून काढावे लागले नाही, तो दिवस त्याच्या कामाच्या यशाचा होय.

शेजारच्या गोव्यात २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था संघटित स्वरूपात उभी राहिली आहे. मात्र कोकणच्या लांबलचक किनाऱ्यावर प्रत्येक पुळणीवर जीवरक्षक असेलच असे नाही. जेथे तो नसेल, तेथे पाण्यात न उतरणे हाच नियम समजावा आणि स्थानिक कोळी बांधवांचा शब्द मानावा.

संकटसमयी काय करावे?

परतीच्या प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे पोहण्याचा अट्टाहास करू नये. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, दूर नेतो. अशा वेळी घाबरून न जाता तरंगत राहावे, मदतीसाठी हात हलवावा आणि शक्य असल्यास किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे.

दुसरा कोणी बुडत असल्यास त्याच्या मागे उडी घेऊ नये. एकाला वाचविण्यासाठी गेलेले दोघे-तिघे बुडाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. दोर, हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा त्याच्याकडे फेकावा, जीवरक्षकास बोलवावे आणि ११२ किंवा १०८ या क्रमांकावर कळवावे. बाहेर काढलेल्या व्यक्तीचे पोट दाबून पाणी काढण्याची जुनी रीत घातक आहे. श्वास थांबला असल्यास तिला पाठीवर झोपवून विनाविलंब तोंडाने श्वास द्यावा व छातीवर दाब देण्यास आरंभ करावा.

सहल नेणाऱ्या शिक्षकांनी आणि कुटुंबप्रमुखांनी निघण्यापूर्वीच भरतीची वेळ, हवामानाचा इशारा आणि जीवरक्षकाची सोय यांची चौकशी केली, तर बहुसंख्य दुर्घटना टळतील. किनाऱ्यावर वाजणारी शिटी ही अशा दुर्घटनेपूर्वीची अखेरची सूचना असते. ती ऐकून मागे फिरण्यात कोणताही कमीपणा नाही.