गाडीची वीज (भाग ८) : पिवळी तार, लाल तार

गेल्या आठवड्यात आपण फ्यूजची पेटी उघडली होती. तिच्यात रेडिओसाठी वेगळा ठेवलेला एक छोटा फ्यूज होता, बहुतेक गाड्यांत लाल रंगाचा, १० अँपिअरचा. आज त्या फ्यूजच्या पुढे जाऊ. गाडीतला रेडिओ आणि सीडी प्लेअर, म्हणजे ज्याला आपल्याकडे अजूनही सर्रास ‘टेप’ म्हणतात, तो बसवताना डॅशबोर्डच्या मागे काय होतं ते पाहू. नव्या गाड्यांत टचस्क्रीन आली हे खरं. पण सीडीची खाच असलेल्या कितीतरी गाड्या आजही रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्या वायरिंगची हेळसांड बघून मला वाईट वाटतं.

२००४ साली मी एक जुनी मारुती ८०० घेतली. तिच्यात कॅसेटचा टेप होता. तो काढून सीडी प्लेअर बसवून घेतला. दुकानात अर्ध्या तासात काम झालं, घरी येईपर्यंत गाणी वाजत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली, तर घड्याळ १२ वर आणि लावून ठेवलेली सगळी स्टेशनं पुसलेली. पुन्हा लावली. तिसऱ्या दिवशी तेच. दुकानदार म्हणाला, “साहेब, हा सेटच असा आहे.” दोन महिने मी रोज सकाळी स्टेशनं लावत होतो. शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिशियनने टेप पुढे ओढला, मागच्या दोन तारा उपटल्या आणि एकीच्या जागी दुसरी लावली. दोन मिनिटांचं काम. त्याने पैसेही घेतले नाहीत.

त्या दोन तारा म्हणजे पिवळी आणि लाल. सेटच्या मागे तारांचा जुडगा दिसतो, पण सेटच्या जिवाशी गाठ असते ती तीनच तारांची. पिवळ्या तारेला बॅटरीचे १२ व्होल्ट कायम मिळायला हवेत, किल्ली खिशात असली तरी. घड्याळ आणि स्टेशनांची आठवण तिच्यावर टिकते, आणि आवाज काढायला लागणारी सगळी ताकदही तिच्यातूनच येते. लाल तार फक्त निरोप देते : किल्ली फिरली, आता जागा हो. तिला किल्लीच्या पहिल्या टप्प्यावर वीज मिळते आणि किल्ली काढली की बंद होते. काळी तार म्हणजे अर्थिंग.

पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली तर सेट वाजतो अगदी नीट, म्हणून दुकानात चूक कळत नाही. पण किल्ली काढताच पिवळीची वीज जाते आणि रात्रभरात सेट सगळं विसरतो. काही जण त्याहून वाईट करतात : दोन्ही तारा एकत्र पिळून थेट बॅटरीवर देतात. मग किल्ली काढली तरी सेट सुरूच राहतो. हाताने बंद करायला विसरलात की सकाळी बॅटरी उतरलेली. फोक्सवॅगनच्या कित्येक गाड्यांत तर कंपनीच्या सॉकेटमध्येच या दोघींच्या जागा उलट असतात. म्हणून अनेक सेटबरोबर येणाऱ्या वायरिंगमध्ये पिवळ्या आणि लाल तारेवर मुद्दाम छोटे जोड दिलेले असतात, अदलाबदल करता यावी म्हणून.

गाडीतली कोणती तार कोणती, हे रंगावरून ठरवू नका. सेटच्या तारांचे रंग बहुतेक कंपन्या सारखेच ठेवतात, गाड्यांच्या तारांचं तसं नाही. टेस्ट लॅम्प घ्या, त्याचा चिमटा स्वच्छ पत्र्याला लावा. किल्ली काढलेली असताना जिथे दिवा लागतो ती पिवळीची जोडीदार. किल्ली फिरवल्यावरच जिथे लागतो ती लालची. तपासून झालं की बॅटरीची निगेटिव्ह १० नंबरच्या पान्याने सोडवा आणि मगच जोडणीला हात घाला.

जोडणीबद्दल माझं मत ठाम आहे : गाडीचा मूळ कपलर कापू द्यायचा नाही. दुकानात घाई असते. पक्कड आली की कपलर कचकन तुटतो, तारा दाताने सोलल्या जातात, पीळ मारून वर काळी टेपपट्टी. आपल्याकडच्या उन्हात डॅशबोर्डच्या आत त्या टेपचा गोंद वितळतो, पट्टी सैल होते, तारा उघड्या पडतात. एकदा एका गाडीचा डॅशबोर्ड मी उघडताना पाहिला. आत नुसता चिकट काळा गोळा होता आणि त्यातून पिवळ्या तारेचं तांबं बाहेर आलेलं. ते पत्र्याला टेकलं असतं तर फ्यूजवर निभावलं असतं, पण फ्यूजच्या जागी कुणीतरी तारेचा तुकडा घातला होता. गाडीच्या मॉडेलप्रमाणे तयार कपलर मिळतो. एक बाजू गाडीच्या सॉकेटमध्ये, दुसरी सेटच्या वायरिंगला. पुण्याच्या तपकीर गल्लीसारख्या बाजारात थोडं हिंडलात तर सापडेल.

आता स्पीकर. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी अशा चार जोड्या असतात : पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. प्रत्येक जोडीत काळा पट्टा असलेली तार निगेटिव्ह. जुन्या गाड्यांच्या टेपमध्ये स्पीकरची एक तार बॉडीलाच लावायची पद्धत होती, ती सवय काही कारागिरांच्या हातातून अजून गेलेली नाही. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही टोकांना आवाजाचा प्रवाह असतो. त्यातलं एक टोक पत्र्याला लागलं की आतली आयसी जळू शकते. निगेटिव्ह तारा एकमेकींना जोडणंही तितकंच वाईट. खोक्यावरच्या ‘५० वॅट × ४’ या आकड्यावर जाऊ नका. गाडीच्या बॅटरीवर सेट सलग देऊ शकतो ते एका स्पीकरला वीस-बावीस वॅटच्या आसपास. गाडीला तेवढं पुरतं.

अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी येते आणि इंजिनाबरोबर ती चढत जाते, अशी तक्रार बरेच वाचक करतात. ती अल्टरनेटरची कुरकुर आहे आणि कित्येकदा कच्च्या अर्थिंगमुळे ऐकू येते. काळी तार रंगावर आवळून भागत नाही. स्क्रूखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करा.

सेट बसतो ती खाच साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, जर्मन मानकावरून आलेलं हे माप. तिलाच सिंगल डिन म्हणतात. समोरची चौकट घट्ट बसली की काम संपलं असं समजू नका. सेटच्या पाठीला एक लोखंडी पट्टी येते, ती मागे आवळायची असते. ती खोक्यातच राहून जाते. सीडीवरचे माग एकमेकांपासून १.६ मायक्रॉनवर असतात, म्हणजे केसाच्या जाडीत चाळीसेक मावतील. लेझरच्या भिंगाला त्यातल्या एकावर टिकून राहायचं असतं. मागून मोकळा सेट खड्ड्यात हादरला की ते माग सोडतं आणि गाणं अडखळतं. तसंच सेट ३० अंशांपेक्षा जास्त तिरका बसवू नका.

एरियलचं थोडक्यात. १०० मेगाहर्ट्झच्या एफएम लहरीची लांबी ३ मीटर. तिचा चौथा हिस्सा ७५ सेंटिमीटर, म्हणून एरियलची काडी पूर्ण बाहेर ओढली की त्याच मापाची भरते. एफएम जवळपास सरळ रेषेत जातं, त्यामुळे खंडाळ्याच्या घाटात डोंगर आडवा आला की खरखर सुरू होते. तेव्हा सेटवर ‘मोनो’चं बटण असेल तर दाबा, आवाज बराच निवळतो. आकाशवाणी पुण्याची मीडियम वेव्हवरची ७९२ किलोहर्ट्झची लहर सुमारे ३७९ मीटर लांब. ती जमिनीच्या कलाने जाते आणि डोंगराला इतकी बिचकत नाही.

सीडी पुसताना मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. आडवा ओरखडा मागाला छेदून जातो, तो प्लेअर सांभाळून घेतो. गोल ओरखडा एकाच मागावर लांबवर पसरतो, तो त्याला झेपत नाही. कागदी लेबल चिकटवलेली सीडी खाचेत घालू नका. उन्हात कड सुटून ती आत अडकते. पावसाळ्यात एसी लावल्यावर ‘एरर’ आला तर भिंगावर दव धरलेलं असू शकतं. सीडी काढून तासभर थांबा.

आज गाडी बंद करण्याआधी टेपचं घड्याळ बरोबर लावून ठेवा. उद्या सकाळी ते पुन्हा १२ वर दिसलं, तर नवा सेट घेऊ नका. आधी पिवळी आणि लाल तार तपासून घ्या. पुढच्या आठवड्यात हॉर्न आणि त्याचा रिले.