काखमांजरी पुन्हा पुन्हा होते काय?

काखेत गळू झाले की आपण पोटीस बांधतो, फुटले की विसरतो. एखादे वेळी झाले तर हरकत नाही. पण सभासद बंधु-भगिनींनो, सहा महिन्यांत दोन-तीनदा तिथेच, जांघेत किंवा स्तनाखाली गाठी येत असतील, कातडीखाली नळ्या पडून पू झिरपत असेल, तर तो हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा असू शकतो.

१८५४ साली व्हर्नय या फ्रेंच सर्जनने हा रोग घामाच्या ग्रंथींचा मानला. आता कळते ते असे, की केसाचे मूळ व त्याला जोडलेली तेलग्रंथी यांचे तोंड बुजते, पिशवी आत फुटते आणि शरीर त्यावर चवताळते. हा रोग घाणीने होत नाही, शिवल्याने लागत नाही. ताट-अंथरूण वेगळे करू नये. वासाच्या लाजेने बायका तर बोलतच नाहीत. अनेक देशांतील पाहणीत निदानाला सरासरी सात वर्षे लागल्याचे दिसले.

नुसता चिरा देऊन भागत नाही, गाठ पुन्हा भरते. क्लिंडामायसिनचे लोशन, डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या (गरोदर बाईला नव्हे) कित्येक आठवडे घ्याव्या लागतात. नळ्या पडल्या तर वरचे छप्पर कापून साफ करतात. एडॅलिमुमॅबचे इंजेक्शनही आहे, पण महाग. विडी सोडावी, वजन उतरवावे, साखर तपासावी.

गावच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कातडीच्या डॉक्टरांना दाखवावे. आधी किती वेळा चिरा दिला, तेही सांगावे.