कंत्राटदाराचे भाड्याचे घर आणि बँकेचे कर्ज

नागपूर-भंडारा महामार्गावरील मौदा येथील औष्णिक वीज प्रकल्पाचे ५०० मेगावॉटचे दोन व ६६० मेगावॉटचे दोन संच २०१३ ते २०१७ या काळात उत्पादन देऊ लागले. अशा प्रकल्पांच्या आधाराने बांधकाम, वाहतूक, वीजजोडणी यांची लहान कंत्राटे घेणारा वर्ग उदयास येतो. गाठीला काही रक्कम जमली की चार खोल्या बांधून भाड्याने द्याव्यात, असे त्यास वाटणे स्वाभाविकच होय. परंतु पगारपत्रक नसलेल्या या अर्जदारास बँक प्रथम विचारते ते उत्पन्न.

बहुतेकांचे घोडे येथेच अडते. वर्षाकाठी ४० लाखांची बिले निघाली, तरी आयकराच्या अनुमानित पद्धतीने किमान ८ टक्केच नफा दाखविणाऱ्याचे उत्पन्न कागदोपत्री ३ लाख २० हजार, म्हणजे दरमहा २७ हजारांच्या आतच ठरते. त्यातील निम्मी रक्कम हप्त्यासाठी धरली, तर ९ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी सुमारे १३ लाखांचे कर्ज बसते. ट्रॅक्टरचा वा यंत्राचा हप्ता चालू असल्यास त्याहूनही कमी. खरा नफा अधिक असताना वाचविलेला कर असा महाग पडतो. बिलातून कापला जाणारा १ टक्का कर अनेकांना भुर्दंड वाटतो. वस्तुतः तो विवरणपत्र भरताना वळता होतो, आणि त्याची नोंद हा केलेल्या कामाचा सरकारदरबारी असलेला पुरावाच असतो.

दुसरी अडचण जागेची. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. पंचायत सदस्यांनी हे आवर्जून सांगावयास हवे. गावठाणातील जागेची २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. गावठाणाबाहेरील जागेस मात्र अकृषिक वापराची व बांधकामाची परवानगी पाहिल्याविना बँक सहसा पुढे जात नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या फार तर ९० टक्के रक्कम मिळते. उरलेली पदरची घालावी लागते.

भाड्याचा हिशेब मांडताना आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. प्रकल्प उभारणीच्या काळात खोल्यांना मागणी असते. संच सुरू झाले की उभारणीचे कामगार अन्यत्र जातात, हप्ता मात्र चालूच राहतो. म्हणून बारा महिन्यांऐवजी आठ महिन्यांचेच भाडे हिशेबात धरणे बरे. कारण खोल्या रिकाम्या पडतात त्याच सुमारास कंत्राटदाराची स्वतःची कामेही थंडावलेली असतात.