ई-स्पोर्ट्सची पदवी कशी आखावी?

संगणक, कन्सोल किंवा मोबाइल यांवरील व्हिडिओ गेमच्या संघटित स्पर्धांना ई-स्पोर्ट्स म्हणतात, आणि अशा स्पर्धांना इतर कोणत्याही खेळाप्रमाणेच संघ, नियमावली, पंच, बक्षिसाची रक्कम आणि प्रेक्षक असतात. या क्षेत्राला स्वतंत्र पदवी असावी का, हा प्रश्न काही देशांनी आपल्यापुरता सोडवला आहे. चीनच्या शिक्षण मंत्रालयाने २०१६ मध्ये व्यावसायिक शिक्षणाच्या विषयांत ई-स्पोर्ट्स आणि त्याचे व्यवस्थापन यांचा समावेश केला. ब्रिटनमधील स्टॅफर्डशायर विद्यापीठाने सप्टेंबर २०१८ मध्ये त्या देशातील पहिला ई-स्पोर्ट्सचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठानेही पुढे गेमचा अभ्यास आणि ई-स्पोर्ट्स यांची संयुक्त पदवी आणली. भारतातही आता हा विषय विद्यापीठांच्या दारापर्यंत आला आहे, आणि म्हणूनच पदवी द्यावी की नाही यापेक्षा तीन वर्षांत नेमके काय शिकवावे, याचा विचार अधिक निकडीचा आहे.

अशा पदवीत विद्यार्थी गेम खेळायला शिकणार, हा सर्वात मोठा गैरसमज असून तो साध्या हिशेबाने दूर होतो. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ श्रेयांक लागतात. श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे वजन मोजण्याचे एकक, आणि एका श्रेयांकासाठी व्याख्यानाचे १५ किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास धरले जातात. म्हणजे चार श्रेयांकांचा एक संपूर्ण प्रात्यक्षिक विषय केवळ गेम खेळण्यासाठी दिला, तरी सहा महिन्यांच्या सत्रात विद्यार्थ्याला १२० तासांचा सराव मिळेल, तर व्यावसायिक संघातील खेळाडू दिवसाला आठ-दहा तास सराव करत असल्याने तेवढे तास तो पंधरवड्याच्या आत पूर्ण करतो. शिवाय खेळाडूच्या उमेदीचा काळ बहुधा सोळा ते पंचवीस या वयातच येतो आणि पदवीचे वयही तेच असते. त्यामुळे विद्यापीठाला खेळाडू घडवता येणार नाहीत. विद्यापीठ घडवू शकते ती खेळाडूंच्या भोवती उभी राहणारी माणसे, म्हणजे आयोजक, पंच, प्रक्षेपण सांभाळणारे तंत्रज्ञ, समालोचक, विश्लेषक, संघाचे व्यवस्थापक आणि करार वाचू शकणारे सल्लागार. स्टॅफर्डशायरच्या अभ्यासक्रमाचा भर स्पर्धांचे आयोजन आणि त्यामागचा व्यवसाय यांवर होता तो याच कारणाने, आणि ती दिशा योग्य आहे.

पहिल्या वर्षाचा कणा स्पर्धेची रचना हाच असावा, कारण या क्षेत्रातील जवळजवळ प्रत्येक निर्णय शेवटी वेळ आणि पैसा यांच्या गणितावर येऊन ठेपतो. सोळा संघ आहेत, मंच एकच आहे, एका सामन्याला मधल्या तयारीसह एक तास लागतो आणि सभागृह दिवसाला दहा तास मिळते, एवढी माहिती देऊन विद्यार्थ्यांना वेळापत्रक मांडायला सांगितले, तर एका साध्या गृहपाठातून बरेच काही उलगडते. हरलेला संघ लगेच बाहेर, अशी बाद पद्धत घेतली तर विजेता सोडून पंधरा संघ प्रत्येकी एकदा हरतात, म्हणून पंधरा सामने होतात आणि दीड दिवसात स्पर्धा आटोपते. मात्र लांबून प्रवास करून आलेला संघ तासाभरात घरी जातो. दोनदा हरल्यावर बाहेर, अशी दुहेरी बाद पद्धत घेतली तर तीस किंवा एकतीस सामने लागतात, कारण पंधरा संघ दोन-दोनदा हरतात आणि विजेताही कदाचित एकदा हरलेला असतो. समान जय-पराजय असलेल्या संघांना आपसात खेळवून तीन विजयांवर पुढे आणि तीन पराभवांवर बाहेर, अशी स्विस पद्धत वापरली तर तेहेतीस सामन्यांतून आठ संघ पुढच्या फेरीसाठी निवडले जातात. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे ठरवले, तर तब्बल १२० सामने आणि बारा दिवस होतात. सर्वात न्याय्य पद्धत सर्वात महाग का पडते, दुसरा मंच उभारला तर प्रक्षेपणाचा खर्च किती वाढेल, कोणता सामना संध्याकाळी ठेवावा, हे प्रश्न याच आकडेमोडीतून निघतात, आणि त्यांची उत्तरे शोधताना विद्यार्थी गणित, अर्थसंकल्प आणि खेळाडूंविषयीची जबाबदारी एकत्र शिकतो.

दुसऱ्या वर्षात प्रक्षेपणाला मोठा वाटा द्यायला हवा. क्रिकेटच्या मैदानावरील कॅमेरा खऱ्या जागेत फिरतो. ई-स्पोर्ट्समध्ये गेमच्या आत एक अदृश्य प्रेक्षक शिरतो, त्याला ऑब्झर्व्हर म्हणतात, आणि दहा खेळाडूंपैकी पुढच्या तीन सेकंदांत कोणाच्या नजरेतून पाहायचे हे तोच ठरवतो. त्याचा अंदाज चुकला तर निर्णायक क्षण लाखो लोकांना दिसतच नाही. त्याच्यासोबत घडामोडी सांगणारा एक समालोचक आणि त्यांचा अर्थ लावणारा दुसरा, पुनर्दृश्ये निवडणारा, सगळ्यांना कानातल्या यंत्रावरून सूचना देणारा निर्माता, अशी मंडळी असतात. इंटरनेटवरून होणाऱ्या सामन्यांचे प्रक्षेपण अनेकदा मुद्दाम काही मिनिटे उशिराने दाखवले जाते, जेणेकरून ते पाहून प्रतिस्पर्ध्याची जागा कोणाला कळू नये. ही कामे पुस्तकातून येत नाहीत; त्यासाठी दर सत्रात विद्यार्थ्यांनीच लहानशी का होईना, पण खरी स्पर्धा भरवली पाहिजे. मराठी समालोचनाचा सराव येथे आवर्जून करून घ्यावा, कारण गावोगावी मोबाइलवर खेळणाऱ्या आणि पाहणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचण्याचा तो सरळ रस्ता आहे.

ई-स्पोर्ट्स आणि इतर खेळ यांतील सर्वात मूलभूत फरक मात्र मालकीचा आहे. कबड्डी कोणाच्या मालकीची नाही. कोणीही आखणी करून सामने भरवू शकतो. व्हिडिओ गेमचा प्रत्येक घटक त्याच्या प्रकाशक कंपनीची बौद्धिक संपदा असतो, त्यामुळे मोठी स्पर्धा भरवण्यासाठी तिचा परवाना लागतो, कंपनी नियम बदलू शकते आणि तिने ठरवले तर गेम बंदही होऊ शकतो. भारतीय विद्यार्थ्याला हे उदाहरणासह शिकवणे सोपे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या नावाने त्याची भारतीय आवृत्ती आली, जुलै २०२२ मध्ये ती ॲप-दुकानांतून काढली गेली आणि मे २०२३ मध्ये परतली. तीन वर्षांची पदवी एकाच गेमभोवती उभारली असती, तर याच काळातील विद्यार्थ्यांचा निम्मा अभ्यास अधांतरी लोंबकळला असता. म्हणून कोणत्याही विषयाच्या शीर्षकात गेमचे नाव असू नये, हा नियम अभ्यासमंडळाने आरंभीच घालून घ्यावा आणि परवाने, करार व बौद्धिक संपदा यांचा विषय ऐच्छिक न ठेवता सक्तीचा करावा.

कायद्याची चौकटही याच विषयात येईल. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून ई-स्पोर्ट्स हा विषय क्रीडा विभागाकडे सोपवला, आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर बंदी घालतानाच ई-स्पोर्ट्सला मान्यताप्राप्त स्पर्धात्मक खेळाचे स्थान दिले. प्रवेश शुल्क आणि बक्षीस चालते, पैज चालत नाही, ही सीमारेषा आयोजकाला नेमकी ठाऊक हवी, नाहीतर एका चुकीच्या प्रायोजकामुळे संपूर्ण स्पर्धा अडचणीत येईल. फसवणुकीचा अभ्यासही टाळता येणार नाही: ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायमधील एका स्पर्धेत भारतीय संघाचा एक खेळाडू नेम साधून देणारे बेकायदा सॉफ्टवेअर वापरताना पकडला गेला आणि त्याच्यासोबत संपूर्ण संघाचे भवितव्य संपले. मनगट, डोळे आणि झोप यांच्या तक्रारींसाठी व्यायामशास्त्र आणि मानसशास्त्र यांचा एक एकत्रित विषय पुरेसा आहे.

या पदवीला एकाच उद्योगाशी बांधून ठेवणे धोक्याचे ठरेल. ओव्हरवॉच लीग ही शहरांच्या नावाने संघ उतरवणारी महत्त्वाकांक्षी स्पर्धा २०१८ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये गुंडाळली गेली. ई-स्पोर्ट्स व्यवस्थापनाची पदवी अमेरिकेत अगदी आरंभी देणारे मॅसॅच्युसेट्समधील बेकर कॉलेज आर्थिक अडचणींमुळे २०२१ मध्ये बंद पडले. ओहायो स्टेटने आपला उपक्रम आखताना अभियांत्रिकी, कला व विज्ञान, व्यवसाय, शिक्षण आणि वैद्यक अशा पाच विद्याशाखांना एकत्र आणले, ही गोष्ट यासाठीच लक्षात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्रातील सध्याच्या रचनेत मुख्य विषयासोबत गौण विषय घ्यावा लागतो, क्षेत्रप्रकल्प आणि कार्यांतर्गत प्रशिक्षणही असते. तेव्हा ई-स्पोर्ट्स मुख्य विषय असलेल्या विद्यार्थ्याला वाणिज्य, संख्याशास्त्र, माध्यमे किंवा संगणकशास्त्र यांपैकी एक गौण विषय गांभीर्याने शिकवला, तर स्पर्धांचा बाजार मंदावला तरी त्याला वृत्तवाहिनीत, क्रीडा संघटनेत किंवा विदा-विश्लेषणात काम मिळू शकेल. याउलट मार्गही तितकाच योग्य आहे, आणि पहिली काही वर्षे ई-स्पोर्ट्स केवळ गौण विषय म्हणून ठेवणे हे बहुतेक महाविद्यालयांसाठी अधिक प्रामाणिक ठरेल.

अखेर शिकवणार कोण, ही अडचण उरते आणि ती सर्वात अवघड आहे. ज्यांना हे काम येते त्यांच्याकडे नेट-सेट किंवा पीएच.डी. क्वचितच असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस ही वाट मोकळी केली आणि तीत औपचारिक पात्रतेची अट शिथिल केली, परंतु किमान पंधरा वर्षांचा अनुभव मागितला, आणि भारतातील हे क्षेत्रच इतके तरुण आहे की तेवढा अनुभव असलेली माणसे मोजकीच निघतील. त्यामुळे आरंभी कायदा, व्यवस्थापन आणि माध्यमे यांचे विषय कायम प्राध्यापकांनी शिकवावेत, आयोजन आणि प्रक्षेपणाची प्रात्यक्षिके प्रत्यक्ष काम करणाऱ्या मानधनावरील तज्ज्ञांकडे द्यावीत, आणि विद्यार्थ्यांनी भरवलेल्या स्पर्धेचे गुणदान दोघांनी मिळून करावे. त्यासाठी स्पर्धा दिमाखदार किती झाली यापेक्षा वेळापत्रक किती पाळले गेले, तक्रारींची नोंद आणि निवाडा कसा झाला, खर्च अंदाजपत्रकाशी जुळला का आणि बक्षिसाची रक्कम विजेत्यांच्या खात्यात किती दिवसांत जमा झाली, या चार गोष्टी तपासाव्यात.